एक ते चार

१

मेल्यावर कुणी कुठेच जात नाही, असं मी माझ्या साडेपाच वर्षांच्या मुलीला सांगून टाकलं. ते बरोबर केलं की चूक, या काळजीनं मला झोप येत नाहीये. किती दिवसांपासून, ते सांगता येणार नाही. दिवस मोजायचे तर मधे झोप लागावी लागते.

निमित्त ससा. मैनाच्या शाळेत एक ससा होता, तो मेला. सासूबाई गॅलरीत मेथी निवडत होत्या, त्या म्हणाल्या, देवाघरी गेला हो तो. मी लॅपटॉपवरून मान वर केली आणि म्हटलं, देवाघरी नाही, कुठेच नाही. बंद पडला, मिक्सर बंद पडतो तसा. मी पदार्थविज्ञानात एमएस्सी केलंय आणि पोटासाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. त्यामुळे माझी उदाहरणं अशीच असतात. सासूबाईंनी मेथीची जुडी जरा जोरात आपटली.

मैनानं विचार केला. "मग तू मेलीस की तूपण कुठेच जाणार नाहीस?"

"कुठेच नाही."

"शप्पथ?"

"शप्पथ."

ती एवढी खूश होऊन खेळायला पळाली की मला काही कळेना. कळलं ते बऱ्याच उशिरा, भांडी लावताना. मी तिला सांगितलं होतं की सगळं संपतं. तिनं ऐकलं होतं की आई घरीच थांबेल. हे दुरुस्त करायला हवं होतं, पण त्या आठवड्यात काहीतरी गडबड होती आणि ते राहूनच गेलं.

२

पहिली खटकलेली गोष्ट अगदी क्षुल्लक. समोरच्या फ्लॅटमधल्या सत्यशीलाबाई विरजण मागायला आल्या. वाटी घेतली, दोन वाक्यं बोलल्या, दारात चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, "बरं, जाते."

आता हे मुद्दाम सांगण्यासारखं का, तर याच बाईंनी मला या शब्दावरून लिफ्टमधून परत बोलावलं होतं. लग्न होऊन या सोसायटीत आले तेव्हाची गोष्ट. त्यांच्याकडून हळदीकुंकू घेऊन निघताना मी "जाते" म्हटलं. लिफ्टचं दार लागत होतं, त्यात हात घालून त्या म्हणाल्या, "जाते म्हणू नये, येते म्हणावं. या इकडे आणि नीट निरोप घ्या." मी परत गेले, "येते" म्हटलं आणि मगच खाली उतरले. त्या आणि आमच्या सासूबाई मंदाकिनीबाई या बाबतीत एकाच माळेतल्या. बांगडी फुटायची नाही, वाढायची. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. मी दहा वर्षं दोघींना सांगत आले की शब्दांना घाबरून काही होत नाही, आणि मुद्दाम "जाते" म्हणूनच घराबाहेर पडत आले.

आणि आज सत्यशीलाबाई "जाते" म्हणाल्या. घट्ट झालेली चप्पल काढल्यावर माणूस बोलतो ना, तशा सुरात.

मला आणखी एक आठवलं. दिवाळीच्या सुमारास सासूबाई मला फोनवर म्हणाल्या होत्या, "अगं, सत्यशीलाबाई गेल्या." मी मीटिंगमध्ये होते. "कुठे, मुलाकडे का, नागपूरला?" असं विचारून मी पुढचं नीट ऐकलंच नव्हतं.

मी दार धरून विचारलं, "नागपूरहून कधी आलात?"

"नागपूरला कोण गेलंय," त्या म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.

३

मग मी कान देऊन ऐकायला लागले. इस्त्रीवाला कपड्यांचा गठ्ठा ठेवून म्हणाला, जातो. कोपऱ्यावरचा वाणी "दुकान वाढवतो" म्हणायचा, तो शटर ओढताना म्हणाला, बंद करतो. ओट्यावर हात आपटून माझी काचेची बांगडी फुटली, तेव्हा सत्यशीलाबाई शेजारीच होत्या. त्या तुकडे गोळा करत म्हणाल्या, फुटली. मी त्यांच्याकडे बघत राहिले, तशा त्या म्हणाल्या की कुणासाठी जपून बोलायचं आता.

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. दहा वर्षांचं माझं प्रबोधन एकदम फळाला आलं होतं. पण गल्लीतली सगळी कुत्री एकाएकी भुंकायची थांबली, तर आपण खुशाल राहतो का? उठून खिडकीशी जातोच.

खिडकीतून सगळं नेहमीचं दिसायचं. आमची सोसायटी गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला. ट्रकचे हॉर्न, हमालांच्या हाका, गोणी जमिनीवर पडल्याचा तो धप्प आवाज, सगळं ऐकू येत होतं. कांद्याचा वास मात्र येत नव्हता. इथे राहून कांद्याचा वास न येणं म्हणजे समुद्रावर राहून ओलावा न जाणवणं. पण कोविडपासून माझं नाक तसंही भरवशाचं नाही.

घर रिकामं होतं, त्यालाही कारणं होती. माझा नवरा सलिल बहुधा बंगळुरूला गेला होता, ऑफिसच्या कामाला. सासूबाई बहुधा नाशिकला, बहिणीकडे. दोघांचे फोन लागत नव्हते, बहुधा टॉवरचं काम चालू असावं. 'बहुधा' हा शब्द माहितीपुस्तिकेत चालत नाही. आमच्याकडे त्याखाली लाल रेघ येते.

मैना मात्र यायची. पुण्यात दुपारी एक ते चार या वेळात कुणाची बेल वाजवायची म्हणजे संबंध तोडायची तयारी हवी. आमची बेल रोज एकच्या पुढे वाजायची. दार उघडलं की मैना. अनवाणी.

"बूट कुठे ठेवलेस?"

"घरी."

"आणि हे काय आहे मग?"

यावर ती हसायची आणि माझ्या कमरेला मिठी मारायची. मला वाटायचं, शाळेतून येताना व्हॅनमध्ये विसरली असेल. वेणी घट्ट घातलेली असायची, सासूबाई घालतात तशी, कान ओढून. विचारलं की म्हणायची, आजीनं घातली. मी म्हणायचे, आजी नाशिकला आहे ना? ती माझ्याकडे अशी बघायची, जसं काही मी दोन आणि दोन पाच म्हटलं.

४

रावसाहेबांना विचारावं असं वाटलं, कारण ते आमच्या सोसायटीतले माझ्याखेरीज एकमेव नास्तिक. तिसऱ्या मजल्यावर राहतात, शाळेत विज्ञान शिकवायचे. गणपतीची वर्गणी मागायला मुलं गेली की आधी त्यांना गुरुत्वाकर्षण विचारायचे. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पेपर वाचत बसलेले दिसले.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर माझा पाय अडखळला. मला आठवत होतं की चार वर्षांपूर्वी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी त्यांच्यासाठी 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं होतं. अर्थात त्या वर्षी ते इतक्या जणांसाठी टाकलं, की फोन 'भा' लिहिल्याबरोबर पुढचं स्वतःच सुचवायचा. दुसऱ्या कुणासाठी असेल. मी इतकी वेंधळी आहे की हे सहज शक्य आहे.

मी विचारलं, "रावसाहेब, आपण इथे किती दिवस आहोत?"

"आपण म्हणजे कोण? मी एकोणीसशे ब्याण्णवपासून मालकीनं आहे. तुमचं मला माहीत नाही."

मी त्यांना जाते-येतेचं सांगितलं. नागपूरचं सांगितलं. त्यांनी पेपर खाली घेतला नाही.

"सत्यशीलाबाईंचं म्हणणं, आपण सगळे मेलो आहोत," ते पेपरामागून म्हणाले. "त्या पूर्वी म्हणायच्या, शनी वक्री आहे. मी तेव्हाही ऐकलं नाही. त्यांना वैकुंठ हवं होतं. मी म्हटलं, बाई, पुणेकराला वैकुंठ एकच, नवी पेठेतलं स्मशान, आणि तिथून पुढे बस नाही. तर रुसून बसल्या."

"पण मग हे काय आहे?"

"सोपं आहे. मेल्यानंतर काहीही नसतं, हे मी छत्तीस वर्षं शिकवलं. इथे काहीतरी आहे. खुर्ची आहे, पेपर आहे, तुम्ही आहात. अर्थात हे मेल्यानंतरचं नाही. यात चूक दाखवा."

मला चूक सापडली नाही. खरं सांगायचं तर मला इतकं हायसं वाटलं की तिथेच खाली बसावंसं वाटलं. माणसाला तर्काचा एवढा आधार वाटू शकतो, हे मला स्वतःविषयी माहीत नव्हतं.

जाता जाता सहज म्हणून विचारलं, "तुमचा मुलगा दिसला नाही बऱ्याच दिवसांत. असतो ना पुण्यातच?"

पेपर जरासा हलला. "असतो. येईल. कामात आहे," रावसाहेब म्हणाले, आणि मग थोड्या वेळानं, "बहुधा."

५

तो शब्द मी चार मजले वर घेऊन आले.

दार लावून सोफ्यावर बसले आणि ज्याचा विचार करत नव्हते त्याचा विचार केला. एक सकाळ होती. स्कूटर. मार्केट यार्डाच्या फाटकाशी एक ट्रक मागे येत होता. त्याच्या फळीवर कांद्याच्या लाल जाळीदार गोण्या. कुणीतरी "ओ ताई" असं ओरडलं. हेल्मेटचा पट्टा हनुवटीला टोचत होता, आणि तो टोचतोय हा माझ्या डोक्यातला शेवटचा विचार. पुढचं आठवतं ते थेट हे: मी आमच्या दारात उभी आहे, किल्ली लावतेय.

मधलं गाळलं गेलंय. गाळलं जातं, धक्क्यानं माणूस विसरतं, याला वैद्यकीय नाव आहे. मी ठीक असेन आणि थोडी विसरले असेन. किंवा मी रावसाहेब म्हणतात तशी आहे, किंवा सत्यशीलाबाई म्हणतात तशी. खरं सांगते, माझ्यापुरतं मला यातलं काहीही चाललं असतं. आयुष्यभर 'नसतं' म्हटलेली गोष्ट खरी निघाली असती, तर थोडी नाचक्की, दुसरं काय. सासूबाईंसमोर झाली असती तर जास्त.

पण सकाळी मी स्कूटरवर जायचे ती मैनाला शाळेत सोडायला. ती पुढे उभी राहायची, आरशाची दांडी धरून. तिच्या केसांचा बो माझ्या हनुवटीला लागायचा.

त्या दिवशी हनुवटीला काय टोचत होतं? पट्टा की बो?

हे जर ते ठिकाण असेल, तर मैना इथे काय करतेय?

म्हणून हे ते ठिकाण नाही. मी ठरवून टाकलं. रावसाहेबांना तर्क लागला, मला तो लागला नाही. माझी मुलगी रोज दुपारी इथे येते, म्हणून हे ते नाही, नाही, नाही. तीन वेळा मोठ्यानं म्हटलं. रिकाम्या स्वयंपाकघरातून काहीच आवाज आला नाही, फ्रिजचासुद्धा.

६

दुसऱ्या दुपारी मी तिला नीट पाहिलं. आई मुलाकडे दिवसभर बघते, पण पाहते क्वचित.

ती जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. उजव्या गालावर खुणा उमटल्या होत्या: वेल, पानं, मधे एक फूल. उशीच्या अभ्र्यावरचं भरतकाम. तो अभ्रा मी ओळखला, सासूबाईंच्या खोलीतला, त्यांनी स्वतः भरलेला. मी उठून त्यांच्या खोलीत गेले. पलंग होता, गादी होती. उशी नव्हती. परत आले तर खुणा आणखी गडद झाल्या होत्या, जसं कुणी कूस न बदलता पडून राहावं.

मग केस. कपाळावरच्या तिच्या बटा हलत होत्या. थोड्या उडायच्या, बसायच्या, परत उडायच्या. मी वर पाहिलं. आमचा पंखा बंद होता. गॅलरीचं दार बंद होतं. समोरचा चित्राचा कागद जरासुद्धा हलत नव्हता. आणि तेव्हा मला तो आवाज ऐकू आला, जो बहुतेक मी रोजच ऐकत होते: टक, टक, टक. सासूबाईंच्या पलंगावरच्या जुन्या पंख्याचा. सलिल दर उन्हाळ्यात तो दुरुस्त करणार असतो. आवाज त्या खोलीतून येत नव्हता. मैनाच्या डोक्यावरून येत होता, हातभर उंचावरून, जिथे काहीच नव्हतं.

मी तिचा हात धरला. गरम होता, झोपेतल्या मुलांचे असतात तसा. भिंतीवरच्या घड्याळात चाराला दोन मिनिटं होती. आतापर्यंत चार वाजता ती कुठे जाते, असा प्रश्न मला पडलाच नव्हता. खेळायला, असं मी गृहीत धरलं होतं. कुणाशी, कुठे, हे विचारणारी आई मी. पार्किंगमध्ये गेली तरी वरून दहा हाका मारणारी. आणि इतके दिवस मी विचारलं नव्हतं.

"आई, हत्तीला कुठला रंग..." ती म्हणाली आणि थांबली. मागे वळून पाहिलं, माझ्या खांद्याच्या पलीकडे, कुणीतरी हलवून उठवल्यासारखं. "उठते गं आजी, दूध नको पण," असं ती कुरकुरली.

माझी मूठ बंद होती, तिचा हात त्यात नव्हता. आत ऊब होती. बराच वेळ होती.

७

पुढच्या दुपारी मी बेल वाजायच्या आधीच दार उघडून उभी राहिले. ती जिना चढून आली, अनवाणी, डोळे चोळत. मी तिला मांडीवर घेतलं आणि ज्या प्रश्नाला मी घाबरत होते तो विचारला. आवाज शक्य तितका साधा ठेवला, डब्यात काय होतं असं विचारावं तसा.

"मैना, मी स्कूटरवरून पडले ना, तेव्हा तू माझ्यासमोर उभी होतीस का गं?"

"नाही. मला ताप होता ना." तिला हे सांगावं लागतंय याचंच नवल वाटलं. "मी आजीजवळ झोपले होते. तू औषध आणायला गेलीस. तू 'जाते' म्हणालीस आणि आजी तुला रागावली."

मी तिच्या केसांत तोंड खुपसलं. पंख्याची टकटक माझ्या कानाशी होती. तो वारा मला लागत नव्हता, पण तिच्या बटा माझ्या गालावर आपटत होत्या, आणि त्या खोलीतल्या नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास मला आला. इतक्या दिवसांत आलेला पहिला वास.

असा पुरावा मिळाल्यावर वैज्ञानिक वृत्तीचं माणूस काय करतं? मान्य करतं. मी तिथेच, सोफ्यावर, मान्य केलं. कुठली नाचक्की आणि कुठलं काय. हे ते ठिकाण होतं, म्हणजे मी मेले होते, म्हणजे मैना जिवंत होती, तिला दूध नको होतं, आणि सासूबाई तिचे कान ओढून वेण्या घालत होत्या. एवढं चांगलं अनुमान मी आयुष्यात काढलं नव्हतं. मला हसू फुटलं. ती पण हसली, का ते न कळता.

मी विचारलं, तू इथे येतेस ते घरी सांगतेस का. तर म्हणाली, आजीला सांगितलं होतं, पण आजी रडते, म्हणून आता सांगत नाही. बाबालाही सांगितलं होतं. बाबा म्हणाला, मैना, असं काही नसतं, स्वप्न असतं ते.

बरोबर आहे. त्याच्या जागी मीही हेच म्हणाले असते, आणि वर मिक्सरचं उदाहरण दिलं असतं.

"रात्री का येत नाहीस?"

"रात्री जिन्यात काळोख असतो. मला पायऱ्या दिसत नाहीत."

काळोखात यायचं नाही, अगदी बरोबर, असं मी म्हटलं. दुपारीही कठडा धरून चढायचं. आपल्याला घाई नाहीये, आपल्याकडे एक ते चार असतात. काल हत्ती राहिला होता, तो घे आधी. मी रंगांची पेटी काढली. तिनं राखाडी खडू शोधला, तो नव्हता, म्हणून निळा घेतला. हत्तीचा एक पाय निळा केला. मग तिला काहीतरी सांगायचं आठवलं आणि खडू तसाच कागदावर टेकवून तिनं माझ्याकडे बघितलं. गालावर वेल होती, पान होतं, फूल होतं. मोठी बातमी सांगताना ती जरा ताठ बसते, तशी बसली.

"आई," मैना म्हणाली, "सोमवारपासून मी पहिलीत. पहिलीची शाळा दुपारची असते."